दारूचा परवाना आणि तळमजल्यावरचा ऑर्केस्ट्रा

मीरा रोडहून एका वाचकाचे पत्र आले आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव-पत्ता देत नाही. त्यांच्या सोसायटीच्या तळमजल्यावर दोन गाळे आहेत. तेथे पूर्वी साड्यांचे दुकान होते, ते चालेनासे झाले. गाळेमालकाने आता तेथे परमिट रूम काढायचे ठरविले आहे, आणि रात्री ‘लाइव्ह ऑर्केस्ट्रा’ही ठेवायचा त्यांचा विचार आहे. त्यासाठी सोसायटीकडे ना हरकत दाखला मागितला आहे व त्या बदल्यात इमारतीला बाहेरून रंग काढून देण्याची तयारी दाखविली आहे. कार्यकारिणीत सात सभासद. तिघे बाजूने, तिघे विरोधात आणि सातवे पत्रलेखक स्वतः. ते विचारतात, ‘डॉक्टरसाहेब, कायद्याचे आम्ही वकिलाला विचारू. पण आरोग्याच्या दृष्टीने आम्ही काय पाहावे?’

दारूचा परवाना हा आरोग्याच्या सदराचा विषय नव्हे, असे काही वाचकांना वाटेल. माझे मत उलट आहे. हा विषय मुळात आरोग्याचाच होता. तो पुढे महसुलाचा आणि पोलिसांचा झाला. १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. त्यात आरोग्य आणि अबकारी ही दोन्ही खाती एकाच मंत्र्याकडे होती, आणि तो मंत्री पेशाने डॉक्टर होता. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एम. डी. डी. गिल्डर हे त्यांचे नाव. ऑगस्ट १९३९ मध्ये मुंबईत दारूबंदी आणली ती त्यांनीच. ती यशस्वी झाली की नाही हा वेगळा विषय आहे. पण दारू विकू द्यावी की नाही हे ठरविणाऱ्याच्या गळ्यात एकेकाळी स्टेथोस्कोप होता, ही गोष्ट आज कोणाच्या लक्षात नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. तोच आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने चालू आहे. होय, चालू आहे. आपल्या राज्यात कागदोपत्री दारूबंदीच आहे आणि जी विक्री होते ती तिला अपवाद म्हणून, परवान्याने होते. पहिल्या काळात ज्याला दारू न मिळाल्यास प्रकृतीस गंभीर अपाय होईल, अशा माणसाला डॉक्टरच्या दाखल्यावर परमिट मिळे. त्या दिवसांत मुंबईत किती धडधाकट माणसे एकाएकी आजारी पडली असतील याची कल्पना वाचकांनी करावी. शेजारच्या गुजरातेत, जो तेव्हा याच मुंबई राज्याचा भाग होता, वैद्यकीय दाखल्यावर परमिट देण्याची पद्धत अजूनही आहे. आपल्याकडे १९६० च्या दशकात बंधने सैल झाली. परमिट असलेल्यांना बसून पिता यावे अशी खोली, ती ‘परमिट रूम’. पाटीवरचा हा शब्द आपण रोज वाचतो, पण तो कोठून आला हे विसरून गेलो आहोत.

यातली खरी गंमत पुढेच आहे. पिणाऱ्यालाही परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना विदेशी दारूसाठी पाच रुपयांना, देशीसाठी दोन रुपयांना मिळत आला. वर्षाचा शंभर रुपयांना आणि जन्मभराचा एक हजार रुपयांना. हा परवाना कशासाठी द्यायचा, तर नियमांच्या भाषेत ‘आरोग्याचे जतन व संवर्धन’ करण्यासाठी! महिन्याला बारा युनिटची मर्यादा आहे. पण हे युनिट म्हणजे आम्ही डॉक्टर मोजतो ते दहा मिलिलिटर शुद्ध मद्यार्काचे युनिट नव्हे. शासनाचे युनिट बाटलीच्या मापाने जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९८८ सालीच दारूला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे, तंबाखूच्या पंक्तीला. २०२३ च्या जानेवारीत याच संघटनेने स्पष्ट सांगितले की प्रकृतीला निर्धोक म्हणावी अशी दारूची कोणतीही मात्रा नाही. आणि आपला कागद म्हणतो, आरोग्याच्या संवर्धनासाठी. असो.

आता गाळेमालकाच्या फाइलीकडे येऊ. परमिट रूमचा परवाना एफएल-३ या नमुन्यातला असतो. तो राज्य उत्पादन शुल्क खात्यामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो. ऑर्केस्ट्रासाठी पोलिसांकडचा सार्वजनिक करमणुकीचा परवाना वेगळा. आपल्या भागात १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय झाले आहे, तेव्हा तो तेथून. खाद्यपदार्थांचा परवाना निराळा, अग्निशमन दलाचा दाखला निराळा. शाळा व देवळापासूनचे अंतर मोजले जाते, जागेचा नकाशा लागतो, मालकावर गुन्हे आहेत का ते पाहिले जाते. एवढे दहा कागद जमतात, पण त्या गाळ्याच्या बरोबर वर कोण झोपते हा प्रश्न त्यातला एकही कागद विचारीत नाही. आत काम करणाऱ्यांना किती तास काय सोसावे लागेल, हेही नाही. राज्याला दारूच्या उत्पादन शुल्कातून वर्षाला वीस हजार कोटी रुपयांहून अधिक मिळतात, तेव्हा हा विसर अगदीच निष्पाप आहे असे मी म्हणणार नाही.

प्रथम झोपेचे बोलू, कारण पत्रलेखकांच्या इमारतीत सर्वांत आधी तिचाच बळी जाईल. भाईंदरला दवाखाना चालवताना मला बारच्या वर राहणारे रुग्ण बरेच भेटतात. ते ‘आवाजाचा त्रास होतो’ असे म्हणत येतच नाहीत. डोके दुखते, पित्त होते, गोळ्या चालू असून रक्तदाब उतरत नाही, मुलगा अभ्यासाला बसत नाही, अशा तक्रारी असतात. राहता कुठे असे विचारले की मग कळते. गाण्याचे शब्द वर येत नाहीत. वर येतो तो ढोल आणि बेस. बारीक, उंच आवाज भिंत अडवते. जाड, खालचा आवाज खांबातून व स्लॅबमधून चढतो. कानाला तो धड ऐकू येत नाही, पण छातीला, उशीला लागतो. खिडक्या बंद करून उपयोग होत नाही कारण तो खिडकीतून येतच नाही. माणूस जागा झाला नाही तरी झोप उथळ राहते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तातली ताणाची संप्रेरके वाढतात. हे वर्षानुवर्षे चालले की रक्तदाब आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो, हे आता वैद्यकशास्त्राला पुरते ठाऊक आहे.

याबाबत २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, दिवसा ५५. व्यापारी भागात रात्री ५५. आपल्या मीरा रोडला खाली व्यापार आणि वर संसार. मग तो भाग निवासी की व्यापारी? प्रत्येक तक्रारीच्या वेळी हा घोळ निघतो. दुसरी पळवाट अशी की रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी असली तरी बंदिस्त सभागृहासारख्या जागांना सूट आहे, आणि बार म्हणतो आमचा हॉल बंदिस्त आहे. पण त्याच नियमात आणखी एक वाक्य आहे ते फारसे कोणी वाचत नाही. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर, आजूबाजूच्या ठरलेल्या पातळीपेक्षा पाच डेसिबलहून जास्त असता कामा नये. तुमच्या घराची फरशी आणि त्यांचे छत एकच आहे. हद्द म्हणजे तुमची फरशी! पत्रलेखकांनी हे वाक्य आपल्या वकिलाला अवश्य दाखवावे.

आता आतल्या माणसांकडे जाऊ. बारविषयी लिहिणारे बहुधा गिऱ्हाइकाविषयी लिहितात किंवा तेथे गाणाऱ्या-नाचणाऱ्या मुलींविषयी, आणि तेही तिखटमीठ लावून. वेटर, कॅप्टन, भांडी घासणारा मुलगा, दारावरचा माणूस, गायिका, की-बोर्डवाला यांची प्रकृती कोणी विचारीत नाही. ऑर्केस्ट्राच्या हॉलमध्ये आवाज सहज शंभर डेसिबलच्या घरात जातो. कामाच्या जागी आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही सुरक्षित मर्यादा धरतात, आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. शंभर डेसिबलला हिशेब येतो पंधरा मिनिटांचा. आमची ही मंडळी रोज पाच-सहा तास त्यात उभी असतात. तिशीतला वेटर ‘कानात भुंगा वाजतो’ म्हणून येतो तेव्हा त्याचे कारण शोधायला मोठ्या तपासण्या लागत नाहीत. गेलेले ऐकू परत येत नाही, एवढेच त्याला सांगावे लागते. गायिकांचा घसा बसतो. एवढ्या गोंगाटावर आवाज चढवून रोज गायल्याने स्वरयंत्राच्या पडद्यांवर गाठी येतात, आणि विश्रांती घे म्हणावे तर रोजचे पैसे रोज मिळतात. आणखी एक साधी गोष्ट लिहितो. बायकांसाठी स्वच्छ, कडी लागणारे स्वच्छतागृह नसले की त्या संध्याकाळपासून पाणी पिणेच टाळतात. मग लघवीचा जंतुसंसर्ग, आणि तो पुन्हा पुन्हा. हा आजार औषधाने नव्हे, गाळ्याच्या नकाशात एक दार वाढवल्याने बरा होणारा आहे.

आणि वेटरच्या पिण्याविषयी. ग्लासांत उरलेले, गिऱ्हाइकाने आग्रहाने दिलेले, थकव्यावर उतारा म्हणून घेतलेले. दारू जेथे हाताशी असते त्या धंद्यातल्या माणसांत तिचे व्यसन जास्त आढळते, हे जगभर दिसून आले आहे. परवाना देताना कर्मचाऱ्यांची वार्षिक तपासणी सक्तीची का नसावी? खाद्यपदार्थ हाताळणाऱ्यांची तपासणी व्हावी असा नियम आहेच. त्यात यकृत आणि कान एवढे दोन शब्द घालायचे आहेत. कलाकार तर बहुधा हजेरीपटावरही नसतात. त्यामुळे कामगार विमाही नाही.

येथे २००५ सालची आठवण करून द्यायला हवी. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी डान्स बारवर बंदी आणली. हेतू चांगला होता, याविषयी मला शंका नाही. आबांकडे पनवेल-रायगडपासूनच्या बायका गाऱ्हाणी घेऊन गेल्या होत्या, घरेदारे त्या हॉलमध्ये उधळली जात होती. पण बंदीतून तीन तारांकित व त्यावरच्या हॉटेलांना वगळले. श्रीमंताच्या हॉटेलातला नाच अश्लील होत नाही काय, असा साधा प्रश्न उच्च न्यायालयापुढे आला आणि २००६ मध्ये बंदी रद्द झाली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये तो निकाल कायम केला. शासनाने २०१४ मध्ये पुन्हा दुरुस्ती केली, तिला स्थगिती मिळाली. २०१६ मध्ये नवा कायदा केला, त्यातल्या अनेक अटी सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी २०१९ रोजी काढून टाकल्या. शाळा-देवळापासून एक किलोमीटर अंतर गेले, आतल्या कॅमेऱ्याची सक्ती गेली. वेळ संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही मात्र राहिली. नोटा उधळायच्या नाहीत हेही राहिले. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये ऑर्केस्ट्रात स्त्रिया किती व पुरुष किती हे ठरवून देणारी अटही न्यायालयाने घालवली. कलाकारांची एकूण संख्या ठरवता येईल, पण त्यांत बायका चारच असाव्यात असे म्हणता येणार नाही.

चौदा-पंधरा वर्षांचा हा झगडा नीतिमत्ता विरुद्ध धंदा असा लढला गेला. बंदीने ७५ हजार स्त्रियांची रोजी गेली असा आकडा न्यायालयात मांडला गेला होता. त्या कोठे गेल्या? काही गावी परतल्या. अनेक जणी त्याच धंद्याच्या अधिक अंधाऱ्या भागात गेल्या. जो डान्स बार होता तो ‘ऑर्केस्ट्रा बार’ झाला, आणि आपल्या काशिमीरा-मीरा रोड पट्ट्यात त्याची पाटी बदलली तरी आतला व्यवहार पुष्कळ ठिकाणी तोच राहिला. पोलिसांच्या धाडींच्या बातम्या आपण याच वर्तमानपत्रातून वाचतो. आरशामागे, कपाटामागे, भिंतीत केलेल्या छुप्या पोकळ्या, ज्यांना ‘कॅव्हिटी’ म्हणतात, आणि त्यात दाटीवाटीने लपवलेल्या मुली. वाचकांना त्यात चोरी दिसते, लपवाछपवी दिसते. मला त्यात प्राणवायू दिसत नाही. खिडकी नाही, पंखा नाही, बाहेरून बंद होणारे दार, आणि धाड लांबली तर आत तासन् तास. एखादीला दमा असेल, एखादी गरोदर असेल. नियम जेवढा पाळता न येण्यासारखा करावा तेवढी भिंतीतली पोकळी मोठी होते, असे माझे निरीक्षण आहे. म्हणून उघड चालणाऱ्या, तपासता येणाऱ्या आणि खिडकी असलेल्या धंद्याला मी बंदीपेक्षा बरे म्हणतो.

आगीचे एकच सांगतो. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या कमला मिल आवारातल्या गच्चीवरच्या पबला आग लागली, चौदा जण गेले. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफडे येथे नाइटक्लबला आग लागून पंचवीस जण गेले, त्यांत बहुतेक तिथलेच कामगार. अशा आगीत माणसे भाजून कमी आणि धुराने घुसमटून जास्त मरतात. सजावटीचे कापड, थर्माकोल, फोम जळाला की जो वायू निघतो त्याचे दोन-चार श्वास पुरतात. तळमजल्याचा धूर जिन्यातून वर चढतो, आणि सोसायटीचा जिना म्हणजे धुराचे धुराडे. २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. ते मागण्याचा संकोच करू नये.

इतके वाचून कोणी म्हणेल, मग सरळ दारूबंदीच करा. माझे मत तसे नाही. जून २०१५ मध्ये मालवणीत काय झाले ते आठवा. मालाडची ही वस्ती आपल्यापासून फार लांब नाही. विषारी गावठी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. त्यात मिथेनॉल होते. ते शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल होते, आधी डोळे जातात मग श्वास. पिणाऱ्याला चवीने काही कळत नाही. पहिल्या दिवशी साधी नशा वाटते आणि दुसऱ्या दिवशी ‘धुक्यातून पाहतोय’ असे तो सांगतो. हे शब्द कोणाच्या तोंडून ऐकले तर एक क्षण न दवडता मोठ्या रुग्णालयात न्यावे, वेळेत पोचला तर उतारा आहे. सरकारी शिक्का असलेल्या बाटलीत निदान हे होत नाही. परवान्याचा आरोग्याला काही उपयोग असेल तर तो हा, आणि तो लहान नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तिच्यामागे डॉ. अभय बंग व राणी बंग यांच्यासारख्यांचे आणि गावोगावच्या बायकांचे काम आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये केली आणि २०२१ मध्ये उठवली. ज्या बंदीखाली लोकांची चळवळ नाही ती कागदावर राहते.

गाडीचा मुद्दा मात्र काशिमीऱ्याला टाळता येत नाही. महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्री नको असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये सांगितले, तेव्हा येथले बरेच बार बंद पडतील असे वाटले होते. जुलै २०१७ मध्ये न्यायालयानेच स्पष्ट केले की तो आदेश पालिका हद्दीतल्या परवान्यांना लागू नाही. प्रश्न पुन्हा पिणाऱ्याच्या हातात आला. म्हणून हिशेब देतो, कापून ठेवावा. आपल्या व्हिस्की-रममध्ये सुमारे ४३ टक्के मद्यार्क असतो. साठ मिलिलिटरचा मोठा पेग म्हणजे सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क. निरोगी यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम जाळते, अधिक नाही. लिंबू-पाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी तो वेग तसूभर वाढत नाही. म्हणजे एक मोठा पेग उतरायला दोन ते तीन तास. ६५० मिलिलिटरची स्ट्राँग बिअरची बाटली, आठ टक्क्यांची, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम. दोन मोठे पेग! ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावे. कायद्याची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि बहुतेकांना ती एका मोठ्या पेगातच गाठते. चकणा खाल्ल्याने चढायला उशीर होतो, चढायची थांबत नाही.

आता पत्रलेखकांच्या सातव्या मताविषयी.

गाळेमालकाला खलनायक समजू नये. दुकान चालत नाही, कर्जाचे हप्ते आहेत, आणि मागितलेला धंदा कायदेशीर आहे. देशात पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के दारू घेतात असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. म्हणजे तुमच्या सोसायटीतही घेणारे आहेतच, आणि ते कोठे तरी जातातच. पण परमिट रूम आणि ऑर्केस्ट्रा या दोन वेगळ्या मागण्या आहेत, त्या एका कागदावर का आल्या? माझे मत विचारले आहे म्हणून सांगतो. आवाज न करणारी, रात्री अकराला बंद होणारी, निराळे प्रवेशद्वार व निराळे स्वच्छतागृह असलेली जेवणाची परमिट रूम असेल तर तिच्यावर सर्वसाधारण सभेत चर्चा होऊ शकते. निवासी इमारतीच्या पोटात ऑर्केस्ट्राला मात्र मी हात वर करणार नाही, कितीही ध्वनिरोधक अस्तर लावतो म्हणाले तरी. भिंतीला आणि छताला लावलेले अस्तर खांबातून चढणारा बेस पुरता अडवत नाही, आणि खोलीच्या आत खोली बांधण्याचा खर्च साडीचे दुकान बुडालेला माणूस करणार नाही.

रंगाचे आमिष घेऊ नये. ते घेतले की पुढची प्रत्येक तक्रार ‘तुम्हीच तर सही केली’ या वाक्यापाशी अडते. सात जणांच्या कार्यकारिणीने हे ठरवूही नये. मार्च २०२५ मध्ये विधानसभेत अजित पवार यांनी जाहीर केले होते की सोसायटीच्या आवारात बिअर शॉप वा दारूचे दुकान काढायचे तर सोसायटीची ना हरकत लागेल. म्हणजे तुमच्या कागदाला वजन आहे. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबांना सभेआधी स्वतंत्र विचारा. त्यातही जेथे तान्हे मूल, दहावीचा विद्यार्थी किंवा हृदयरुग्ण आहे तेथे आधी जा. सातव्या मजल्यावरच्या सभासदाचे मत आणि पहिल्या मजल्यावरच्याचे मत मोजायला सारखे असले तरी ऐकायला सारखे नाही. काही मान्य करायचेच ठरले तर लेखी अटींसह करा. बंद होण्याची वेळ, ध्वनिक्षेपक नाही, धुराडे इमारतीच्या वर नेलेले, दर जानेवारी-जुलैला फॉर्म बी ची प्रत सोसायटीला, आणि कामगारांसाठी स्वच्छतागृह. शेवटची अट पाहून सभेत कोणी हसेल. हसू द्या, ती काढू नका.

आणि एकदा परवाना मिळाला म्हणजे तो कायमचा असेही नाही. २००८ च्या आदेशाप्रमाणे वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली तर दारूचे दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घेता येते. ‘आडवी बाटली, उभी बाटली’ म्हणतात ते हेच. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. हजर असलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या एकूणांपैकी, म्हणून ते सोपे नाही. मृत आणि गाव सोडून गेलेल्यांची नावेही त्या यादीत असतात. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच आठ लाखांवर होती, आणि भाडेकरू दर अकरा महिन्यांनी घर बदलतात. येथे यादी दुरुस्त करून घेण्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

२०२४ च्या जूनमध्ये मुख्यमंत्र्यांच्या आदेशानंतर आपल्या शहरात अनधिकृत पब-बारवर बुलडोझर चालले तेव्हा पुष्कळांनी टाळ्या वाजवल्या. बांधकाम पाडले ते ठीकच झाले. पण त्यातल्या एखाद्याही परवान्याच्या वेळी महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याचे मत घेतले गेले असते, तर गोष्टी या थराला आल्या नसत्या असे मला वाटते. ती पद्धत सुरू करावी, एवढीच मागणी मी या सदरातून पालिकेकडे करतो: करमणुकीच्या प्रत्येक नव्या परवान्यासोबत आरोग्य खात्याचा एक पानाचा अभिप्राय, त्यात आवाज, हवा, कामगार आणि वर राहणारी माणसे यांच्याविषयी चार ओळी.

पत्राच्या शेवटी वाचकांनी जाता जाता एक ओळ लिहिली आहे की त्यांच्या धाकट्या भावाचे पिणे अलीकडे वाढले आहे, आणि बार खालीच झाला तर काय होईल. माझ्या मते पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ हीच. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडू नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथर, घाम, भास, झटके येतात आणि त्यात माणूस दगावू शकतो. डॉक्टरच्या देखरेखीखाली थांबवावी. वसईला कृपा फाउंडेशनचे केंद्र आहे, पुण्याला मुक्तांगण १९८६ पासून आहे, आणि १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक विनामूल्य आहे. भावाला घेऊन या, येण्याआधी दोन दिवस त्याला दमदाटी करू नका, आणि सकाळच्या वेळी या. संध्याकाळी माझ्याकडे गर्दी असते आणि त्यालाही तेव्हा बाहेर जायची ओढ असते.